एक एकर बाईचं, पण सातबारा कुणाचा?

कोरडवाहू

लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांवर इथे धागे निघाले, शंभरी गाठली आणि भांडणं होऊन बंदही पडले. गावातल्या बायकांनी एकत्र येऊन स्वतः जे उभं केलं त्यावर मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हा प्रपंच. मी लिहितोय ते आमच्या पट्ट्याबद्दल: तुळजापूर, लोहारा, उमरगा, औसा, निलंगा.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं फारसं कुणाला ठाऊक नसतं. भुईसपाट झालेली गावं नव्या जागी वसली. पण घरं उभी आणि भिंतींना मात्र बोट जाईल एवढ्या भेगा, अशी गावं हजाराच्या वर होती. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे दोन-अडीच फुटी दगडमातीची भिंत, वर लाकडी माळवद आणि माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी टाकत गेलेल्या मातीचा थर. उन्हाळ्यात गारेगार, म्हणून सगळ्यांचं लाडकं. भूकंपात तेच अंगावर आलं. या गावांसाठी सरकारने जागतिक बँकेच्या मदतीने दुरुस्ती-मजबुतीकरणाचा कार्यक्रम काढला. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येणार आणि काम त्यानेच करून घ्यायचं. आता इंजिनिअर सांगणार काय आणि गवंडी ऐकणार काय! मध्ये समजावणारं कुणीतरी हवं होतं. तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' निवडल्या गेल्या. माळवदावरची माती किती उतरवायची, भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारा आरपार दगड कुठे बसवायचा, हप्ता अडला तर कुणाच्या टेबलावर जायचं, हे या बाया दारोदार सांगत फिरल्या. त्याआधी यातल्या कितीजणी चावडीची पायरी चढल्या असतील, विचार करा.

याच कामातून स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था आकाराला आली. प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली. २०२२ साली त्या गेल्या. २००१ मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा आमच्याकडच्या बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. भाषेचं काय केलं असेल देव जाणे, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईला काय विचारायचं हे त्यांना शिकवावं लागलं नसणार.

आता मूळ विषय. २०१२ पासून आमच्याकडे एकामागून एक दुष्काळी वर्षं आली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो त्याचा कळस. शेतात सगळीकडे सोयाबीन, थोडा ऊस. पैसे देणारं पीक गेलं की घरात दाणा नाही आणि हातात पैसाही नाही. त्या काळात या संस्थेच्या बायकांनी धरलेली वाट साधी होती: नवऱ्याकडे, सासऱ्याकडे अर्धा ते एक एकर मागायचं. त्यात घरी लागतं ते पेरायचं, एकच पीक न घेता बारा-पंधरा, रासायनिक खत जमेल तितकं टाळायचं, बियाणं घरचं. आधी घरात खायचं, उरेल ते विकायचं. या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आमच्या चुलतीने असंच एक एकर मागितलं होतं. तिच्या शब्दांत: "मालक म्हनले, घे माळाकडचं. कुसळंबी येत न्हाई तितं. म्या म्हनलं, द्या तर." अनेकींना आधी असंच माळाकडचं, मुरमाड, विहिरीपासून लांबचं रान मिळालं. आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथे शेणखत-गांडूळखत मुरून जमीन हाताला लागायला लागली की घरातल्या पुरुषांना त्या तुकड्याची आठवण येते. "औंदा तितंबी सोयाबीनच करू."

माझं म्हणणं एवढंच आहे. हे काम मोठं आहे, यात वाद नाही. पण तो एकर तोंडी दिलेला आहे, आणि तोंडी दिलेलं तोंडीच परत घेता येतं. बचत, बियाणं, खत, बाजार यांवर संघटनांनी वीस-पंचवीस वर्षं घालवली. आता सातबाऱ्यावर नाव हाच पुढचा विषय घ्यायला हवा, आणि तो एकेका बाईने घरात भांडून नव्हे तर गटाने मिळून. तुमच्या भागात कुणी असं केलंय का?

---

जवस

लेख आवडला. सातबाऱ्याचं जाणकार बोलतीलच, मला आधी एकरात काय काय असतं ते सांगा. आमची दोन गुंठ्यांची परसबागच आवरत नाही.

---

कोरडवाहू

@जवस, चुलतीचं सांगतो. खरिपात मूग, उडीद, तूर, मध्ये भुईमुगाची दोन तासं, बांधाला अंबाडी आणि तीळ. रब्बीत ज्वारी, हरभरा, कडेने करडई (काटे असतात म्हणून जनावर आत शिरत नाही), आणि तुमच्या नावाचं जवससुद्धा. विहिरीचं पाणी असेल तोवर मेथी, शेपू, चुका, वांगी, गवार, दोडका. वांगी-दोडका आठवडी बाजारात जातो, पालेभाजी गावातच संपते.

खताला जीवामृत. २०० लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन प्रत्येकी किलो-दोन किलो, बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांनी वापरायचं. एका पिंपात एक एकर भागतो. वास येतो, नाही म्हणणार नाही. बियाणं राखेत घोळून गाडग्यात, तोंडाला फडकं आणि वरून शेणमातीचा लेप.

---

हिशेबनीस

थोडा थंड पाण्याचा हबका मारतो, रागावू नका.

एक एकरावर कुणाचं घर चालत नाही. मुलांची फी, दवाखाना, लग्नकार्य याला रोख लागते आणि ती सोयाबीनच देतं. पुरस्कार वगैरे ठीक, पण नवऱ्याला सोयाबीन हवं असतं ते तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. शिवाय बाईच्या डोक्यावर अजून एक काम. स्वयंपाक, गुरं, दुसऱ्याच्या रानात खुरपणी, आणि वर हे शेण ढवळणं.

---

कोरडवाहू

@हिशेबनीस, रोख देतं हे कबूल. पण २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आमच्याकडे बाजारात कितीला गेलं? चार हजारांच्या आसपास. त्यातून बियाणं, तणनाशक, मळणी, गाडीभाडं वजा करा. डाळ, तेल, भाजी विकत आणायची नसली की हातातले पैसे हातात राहतात, हा हिशेब तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात जातो?

कामाचा बोजा वाढतो हे मात्र खरं, आणि संस्थांच्या अहवालांत ते फारसं येत नाही.

---

उंबरठा

मी काही वर्षं माविममध्ये (महिला आर्थिक विकास महामंडळ) सहयोगिनी, म्हणजे बचत गटांचं काम पाहणारी कार्यकर्ती होते, म्हणून बोलते.

हिशेबनीस म्हणतात त्या बोज्यात आणखी भर घाला. गटाची बैठक, ग्रामसंघाची बैठक, प्रभागसंघाची बैठक. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे ही पंचसूत्री आम्ही पाठ करून घ्यायचो. पुढे त्याची दशसूत्री झाली. आरोग्य, शिक्षण, पंचायत, योजना, उपजीविका सगळं गटाच्या गळ्यात. हागणदारीमुक्ती बायकांनी करायची, पोषण पंधरवडा बायकांनी करायचा, मंत्री येणार असले की मंडपात एका रंगाच्या साड्या नेसून बायकांनीच बसायचं. "महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असं दुसऱ्या दिवशी पेपरात. त्यांचा दिवसभराचा रोज बुडाला तो कुणी द्यायचा?

तरी बायका येतात. का येतात ते सांगते. पंधरा जणींच्या गटात शंभर रुपये बचतीसाठी महिन्यातून एक संध्याकाळ घराबाहेर बसायची मुभा मिळते, आणि सासूलाही त्यात खोट काढता येत नाही, कारण बँकेचं काम. पासबुकं पुढ्यात असतात आणि बोलणं चाललेलं असतं कुणाच्या लेकीला नांदवत नाहीत याचं. आमच्या एका गावात दारूची भट्टी याच बोलण्यातून उठली. पोलिसांनी नंतर येऊन पंचनामा केला.

आता काळजीची गोष्ट. फायनान्सवाल्यांनी गट पोखरले आहेत. पाच जणींचा गठ्ठा, दर आठवड्याला हप्ता, एकीने चुकवला की उरलेल्या चौघी तिच्या दारात. आमच्या गटात एकमेकींना सावरायला शिकवत होतो, तिथे एकमेकींवर पाळत. एका बाईवर तीन-तीन कंपन्यांची कर्जं असतात आणि घेतलेली असतात घरच्यांसाठी, बहुतेक मोटारसायकल किंवा लग्न. कर्जाच्या कागदावर नाव लागायला कुणाची हरकत नसते बरं का. फक्त जमिनीच्या कागदावर लागायला असते.

---

जवस

शेवटची दोन वाक्यं चौकटीत टाका कुणीतरी.

---

म्हसवडकर

माण तालुक्यातून हजेरी.

आमच्या माणदेशी महिला बँकेची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने तो परत पाठवला, कारण संस्थापक सभासदांपैकी बऱ्याचजणींचे अंगठे. बायका काही महिने अक्षरं गिरवून पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, लिहिता येत नाही म्हणून नाकारलंत ना, मग व्याजाचा हिशेब घाला. आम्ही तोंडी करतो, तुमचे लोक यंत्रावर करू देत. १९९७ ला बँक सुरू झाली. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला त्यांनीच चारा छावणी काढली आणि ती वर्षाहून जास्त चालवली. माणसं जनावरांसकट तिथेच राहायला होती. ज्या घरातून बाई एकटी छावणीवर आली होती तिथे गाय कुणाच्या नावाची हे कुणी विचारत नव्हतं, दावं तिच्या हातात होतं.

आता धाग्याच्या विषयाला धरून. सातबारा अवघड असेल तर आधी घर घ्या. 'घर दोघांचे' नावाची सरकारी मोहीम २००३ पासूनची आहे: ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवरा-बायको दोघांचं नाव. घराला कर्जाचा बोजा नसतो, भावकीचा कज्जाही कमी. ग्रामसेवक मनावर घेईल तर एका ग्रामसभेत अख्ख्या गावाचं होतं. घरापासून सुरू केलं की शेताचा विषय काढायला तोंड उघडतं.

---

बांधावरचा

मी शेतकरी आहे आणि विरोधात लिहितोय, सांभाळून घ्या.

बायकोचं नाव लावायला मला व्यक्तिशः अडचण नाही. पण जमीन अजून तीन भावांत सामाईक आहे. मी अर्ज दिला की उद्या दोन्ही वहिन्या विचारणार, आणि परवा आत्या येणार. आज चाललंय ते बरं चाललंय. पिककर्ज माझ्या नावावर आहे, सोसायटीचा सभासद मी आहे. कागद हलवला की सगळं हलतं. तुम्ही शहरात बसून सोपं लिहिता.

---

उंबरठा

@बांधावरचा, दादा, प्रामाणिकपणे लिहिलंत हे बरं झालं. पण "आज चाललंय ते बरं चाललंय" हे तुमच्या वहिनींनाही विचारून बघा एकदा. आणि आत्या आल्या तर काय बिघडलं? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः मुलांइतका वाटा आहे. रक्षाबंधनाला साडी घेऊन हक्कसोडपत्रावर सही करून गेलेल्या आत्या मी खूप पाहिल्यात.

---

सीनाकाठ

यात एक बाजू सुटतेय. नवरा असेपर्यंत तोंडी एकर चालून जातो. नवरा गेला की काय?

आमच्या गावात कर्जापायी नवऱ्याने जीव दिलेल्या घरातली बाई. वारसनोंद झाली, पण तिचं नाव टाकलं कुठे, तर 'इतर हक्क' मध्ये. भोगवटादार, म्हणजे जमिनीचे धारक म्हणून मुलगा आणि दीर. तिला वाटलं नाव लागलं. पिककर्जाला गेली तेव्हा कळलं. पीएम किसानचे सहा हजारही ज्याची जमीन त्याला.

२०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. नंतर सरकारनेही बाकीच्या गावांना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. चांगलंच झालं. पण त्याच ठरावात 'तेराव्यानंतर वारसनोंद पूर्ण करून देणे' अशी एक ओळ असायला हवी होती असं मला राहून राहून वाटतं.

---

तलाठीआप्पा

महसुलातून निवृत्त झालोय. बरेच गैरसमज दिसतायत म्हणून लिहितो.

नवरा गेल्यावर बायको ही पहिल्या वर्गातली वारस. मुलगे, मुली, बायको, आई सगळे सारखे. तिचं नाव भोगवटादाराच्या रकान्यातच यायला पाहिजे. दीर त्यात वारस म्हणून येत नाही. तो आधीपासूनचा सहधारक असेल तर त्याच्या हिश्शापुरता. 'इतर हक्क'मध्ये बसवलं असेल तर ती नोंद चुकीची, त्यावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा.

नवरा हयात असताना: १९९२ चं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक आहे. नवऱ्याने तलाठ्याकडे साधा अर्ज द्यायचा, की माझ्या खात्यावर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावा. फेरफार धरला जातो, नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी मंजूर करतात. याची मूळ कल्पना शेतकरी संघटनेची. १९८६ च्या चांदवडच्या अधिवेशनात लाखांनी बायका आल्या होत्या, त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावागावांतल्या पुरुषांनी आपणहून बायकांच्या नावे जमिनी केल्या. आज नोकरीतल्या नव्या पोरांना हे परिपत्रक दाखवावं लागतं.

@बांधावरचा, सामाईकात तुम्ही तुमच्या हिश्शापुरताच अर्ज देऊ शकता, भावांच्या हिश्शाला धक्का लागत नाही. पिककर्जाचा बोजा आहे तसा राहतो. आधी सोसायटीच्या सचिवाशी बोलून घ्या म्हणजे नंतर गैरसमज नको.

---

हिशेबनीस

हे कामाचं. आप्पा, अर्ज नवऱ्यानेच द्यायचा असेल तर गट त्यात काय करणार? गाडी पुन्हा नवऱ्याच्या मर्जीवरच.

---

तलाठीआप्पा

बरोबर. कायद्याने जबरदस्ती नाही. पण एकेकट्या नवऱ्याला विचारलं की तो बांधावरच्यांसारखी चार कारणं देतो. गावातल्या वीस-पंचवीस जणांचे अर्ज एकदम आले की कारणं गळतात, आणि तलाठीही एकासाठी टाळेल तसं पंचविसांसाठी टाळू शकत नाही. नोकरीत असताना मी हे दोनदा पाहिलंय. दोन्ही ठिकाणी पुढाकार बायकांच्या गटाचा होता, आणि पहिला अर्ज सरपंचाचा घेतला होता. ती युक्ती बायकांचीच.

---

बांधावरचा

सरपंचाचा पहिला! आमच्याकडे सरपंच बाईच आहे, पण तिच्याही घरचा सातबारा बघावा लागेल.

---

कोरडवाहू

आप्पा, मनापासून आभार. उंबरठाताई, म्हसवडकर, तुमचेही.

आणखी एक बारकावा लक्षात आला. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात काय पेरलंय त्याची सरकारी नोंद, आमच्याकडे खातेदाराच्या मोबाईलवरून होते. चुलत्याने जमिनीच्या अख्ख्या गट नंबरला सोयाबीन लावून टाकलंय. म्हणजे चुलतीच्या एकरातली तूर, हरभरा, करडई सरकारी कागदावर उगवलेलीच नाही. उद्या गारपीट झाली तर नुकसान कशाचं दाखवणार? नाव लागेपर्यंत निदान तेवढा एकर वेगळा दाखवून मिश्र पीक नोंदवायला लावतो.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, आणि आमच्याकडे ती फक्त सह्यांपुरती होते. या वेळी घर आणि शेत दोन्हींचा विषय तिथेच मांडायचं गटात घाटतंय. आधी नमुना ८, मग सातबारा, म्हसवडकर म्हणतात त्या क्रमाने. चुलता काय म्हणेल माहीत नाही. चुलतीने तूर्तास त्याला काहीच सांगितलेलं नाही.

आप्पा, अर्जाचा मसुदा इथे टाकाल का? गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाय, तेव्हा सोप्या भाषेत आणि जमल्यास एका पानात.

---

तलाठीआप्पा

टाकतो. रविवारपर्यंत थांबा, चष्मा दुरुस्तीला दिलाय. तोवर सगळ्यांनी आपापले सातबारे ऑनलाइन काढून ठेवा, आणि आठ-अ चा, म्हणजे खात्याचा उताराही. पन्नास टक्के लोकांना आपल्या खात्यावर कोण कोण आहे तेच नीट माहीत नसतं.